सावत्र आईने शोक किती महिने पाळायचा?

इ.स. १६५९ मध्ये कोरियाचा राजा ह्योजोंग वारला. मागे सावत्र आई होती, राजमाता जाउई. वयाने ती मुलाहून पाच वर्षांनी लहान, पण नात्याने आई ती आईच. तिने शोकाची वस्त्रं किती काळ अंगावर ठेवायची, एक वर्ष की तीन वर्षं, असा प्रश्न दरबारात निघाला आणि दोन तट पडले. एका बाजूला सोंग सी-योल, दुसऱ्या बाजूला हो मोक आणि युन ह्यू. सगळेच पंडित, सगळ्यांच्या हातात त्याच पोथ्या, आणि प्रत्येकाला त्यातून वेगळं उत्तर दिसत होतं. तीन वर्षांच्या बाजूने जरा जास्तच तिखट अर्ज लिहिला म्हणून युन सन-दो या नामवंत कवीला हद्दपार व्हावं लागलं. राजमातेने शेवटी एकच वर्ष पाळलं. पण १६७४ मध्ये ह्योजोंगची राणी गेली आणि वाद पुन्हा उकरला गेला. सुनेसाठी सासूने नऊ महिने पाळायचे की एक वर्ष? या खेपेला दुसरा गट जिंकला, आणि सत्तेत असलेला सोंग सी-योलचा गट पायउतार झाला.

नऊ महिने की बारा, यावरून सरकार पडतं हे आज ऐकायला गंमतीचं वाटतं. पण पोथी काय म्हणते ते पाहा. ज्येष्ठ पुत्र गेला तर आईबापांनी तीन वर्षं शोक पाळावा, बाकीच्या मुलांसाठी एक वर्ष. ह्योजोंग दुसरा मुलगा. त्याचा थोरला भाऊ युवराज असतानाच १६४५ मध्ये वारला होता, आणि त्या भावाचा एक मुलगा १६५९ मध्ये हयात होता. राजमातेने एक वर्ष पाळलं, म्हणजे मेलेला राजा धाकटाच ठरला. मग गादी खरी कोणाची? हा प्रश्न तोंडाने विचारायची कोणाची छाती नव्हती. तो कापडातून विचारला जात होता.

ज्या पोथ्यांवरून हे भांडण झालं त्या चिनी, आणि तेव्हाच जवळजवळ दोन हजार वर्षं जुन्या. त्यांच्या गाभ्याशी एकच शब्द आहे, ‘ली’. चिनी लिपीतल्या या अक्षराच्या एका अर्ध्यात देवतेची खूण आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात नैवेद्याचं भांडं. सुरुवातीचा अर्थ पूर्वजांना आणि देवांना अर्पण करायची रीत, एवढाच. पुढे तो इतका पसरला की राज्याभिषेकापासून जेवताना चूळ कशी भरावी इथपर्यंत सगळं त्यात आलं. मराठीत याला एक शब्द नाही. रीत, संस्कार, विधी, शिष्टाचार हे सगळे थोडे थोडे लागू पडतात. मला विचाराल तर ‘मर्यादा’ सगळ्यात जवळचा, आपली आजी “मर्यादेने वागावं” म्हणताना वापरायची त्या अर्थाने. कोण कोणापासून किती अंतरावर आहे, ते अंतर ओळखायचं आणि अंगाने दाखवायचं.

विधींवरचे ग्रंथ तीन. ‘यी-ली’ ही कोरडी प्रयोगपुस्तिका आहे, तिची १७ प्रकरणं उरली आहेत. मुलाला टोपी घालून पुरुषांत घेण्याचा विधी, लग्न, गावजेवण, धनुर्विद्येचा मेळा, अंत्यविधी. पूर्वेच्या पायरीने कोण चढेल, पाहुणा किती वेळा नको म्हणेल, यजमान किती वेळा आग्रह करेल, सगळं पावलापावलाने लिहिलेलं. लग्नाच्या सहा टप्प्यांपैकी पाचांत मुलाकडच्यांनी रानहंस घेऊन जायचा. ‘झोऊ-ली’ हा आदर्श राज्यकारभाराचा आराखडा, त्यात खात्यांना ऋतूंची नावं आहेत. राजधानीत राजवाड्याच्या डाव्या हाताला पूर्वजांचं मंदिर आणि उजव्या हाताला भूमीची वेदी असावी, हा नियम त्यातलाच. बीजिंगला गेलात तर आजही दोन्ही जागा त्याच बाजूंना दिसतील, फक्त आता ती सार्वजनिक उद्यानं झाली आहेत. तिसरा आणि सगळ्यात वाचनीय ग्रंथ ‘ली-जी’. ४९ प्रकरणांची ही गोधडी आहे. नियम, गोष्टी, तत्त्वचर्चा, संगीतावरचा निबंध, जे सापडलं ते शिवलेलं. यांतलं एकही पुस्तक कन्फ्युशियसने (इ.स.पू. ५५१ ते ४७९) स्वतः लिहिलेलं नाही. त्याच्यानंतरच्या शतकांत त्याच्या परंपरेतल्या लोकांनी मजकूर जमवला आणि हान राजवटीत त्याला आजचं रूप आलं. पण मजकूर जुना आहे हे नक्की. १९९३ मध्ये हूपेई प्रांतातल्या क्वोत्येन इथल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, साधारण इ.स.पू. ३०० च्या. त्यांवर ‘ली-जी’तलं एक आख्खं प्रकरण होतं.

‘ली-जी’चं पहिलंच प्रकरण उघडलं की वाटतं, हे तर आपल्याच घरातलं कोणीतरी बोलतंय. दिवाणखान्यात शिरण्याआधी आवाज करा. दाराबाहेर चपलांचे दोन जोड असतील तर आतून बोलणं ऐकू येत असलं तरच आत जा. आईबापांचं अंथरूण संध्याकाळी नीट करा, सकाळी विचारपूस करा. जेवताना मचमच आवाज नको, हाडं कुरतडू नका, उचललेला मासा परत ताटात ठेवू नका, कुत्र्याला हाड टाकू नका, चारचौघांत दात कोरू नका. आणि सगळ्यांबरोबर एका भांड्यातून भात खाताना हात चोळू नका! म्हणजे चॉपस्टिक्सचा देश म्हणून आपण ज्याला ओळखतो तिथले सभ्य लोक तेव्हा भात हातानेच खात होते. भरडधान्याचा भात खाताना काड्या वापरू नयेत असा तर स्वतंत्र नियमच आहे.

पण नुसत्या नियमांवर एखादी संस्कृती दोन हजार वर्षं भांडत बसत नाही. नियमामागे विचार काय होता, ते कन्फ्युशियसच्या तीन आठवणींतून कळतं. दर अमावास्येला पूर्वजांच्या मंदिरात मेंढा बळी द्यायची रीत होती. मूळ समारंभ कधीच बंद पडलेला, मेंढा मात्र अजून जात होता. एक शिष्य म्हणाला, हा खर्च बंद करू या. गुरू म्हणाला, “तुला मेंढ्याची माया, मला लीची.” इथवर तो कर्मठ वाटतो. पण दुसरी आठवण वेगळी आहे. विधीला तागाची टोपी लागे. ती करायला फार मेहनत, म्हणून लोक रेशमाची वापरू लागले. कन्फ्युशियस म्हणाला, यात काटकसर आहे, मीही लोकांसारखंच करतो. राजापुढे मात्र पायऱ्यांच्या खालूनच नमस्कार करायची रीत होती आणि लोक आता वर चढून नमस्कार करू लागले होते. तो म्हणाला, हा माज आहे, सगळे वरून करोत, मी खालूनच करणार. सामान बदललं तर चालेल, अंतर बदललेलं चालणार नाही.

तिसरी आठवण शोकाची. झाय वो नावाच्या शिष्याने सरळ विचारलं की आईबापांसाठी तीन वर्षं जरा जास्तच होतात, एक वर्ष पुरे नाही का? जुनं धान्य संपतं, नवं येतं, तेवढा काळ बास. गुरूने उलट विचारलं, “वर्षभरात तू चांगला भात खाऊ लागलास, जरीचे कपडे घालू लागलास, तर तुझ्या मनाला बरं वाटेल?” शिष्य म्हणाला, “वाटेल.” “बरं वाटत असेल तर कर.” तो गेल्यावर गुरू बाकीच्यांना म्हणाला की मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या कडेवरून उतरत नाही. यालाही त्याच्या आईबापांनी तीन वर्षं कडेवर घेतलं असेल ना?

या संवादात देव नाही, परलोक नाही, पाप-पुण्य नाही. कडेवरच्या तीन वर्षांची परतफेड तीन वर्षांच्या शोकाने, एवढा साधा हिशोब आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, याच परंपरेतला विचारवंत शुन्झी तर याहून स्पष्ट बोलला. पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, याचा अर्थ काय? काही नाही, म्हणे, प्रार्थना न करता पडला असता तसाच तो पडला. मग विधी करायचे कशाला? माणसाला दुःख होतं, आठवण येते, भीती वाटते. या सगळ्याला वाट हवी आणि काठही हवा. जाणता माणूस श्राद्धाला माणसाचा व्यवहार मानतो, बाकीचे लोक ते भुतांसाठी समजतात, असं शुन्झीचं म्हणणं. श्राद्धावरची आपली भांडणं आठवली की हा माणूस भलताच आधुनिक वाटतो.

आता शोकाचं माप. मराठी घरात वाढलेल्याला यातलं निम्मं न सांगता कळेल. भावकीत कोणी गेलं की पहिला फोन होतो तो “सुतक किती दिवसांचं?” हे विचारायला. जवळच्या भावकीला दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचं तीन दिवस, फारच लांबचं असलं तर नुसती अंघोळ. म्हणजे दिवस मोजले की नातं मोजलं गेलं. ‘यी-ली’मध्ये अशा पाच पायऱ्या आहेत: तीन वर्षं, एक वर्ष, नऊ महिने, पाच महिने, तीन महिने. तीन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात २५ महिने, पुढे २७. तिसऱ्या वर्षाला हात लागला की तीन धरायची. कापडही तसंच पायरीपायरीचं. बाप गेला तर मुलाने भांगेच्या तंतूंचं जाडंभरडं वस्त्र घालायचं, त्याचे काठ न शिवता तसेच कापलेले. नातं लांब जाईल तसं कापड तलम. लग्न झालेल्या मुलीचं माप तिथेही घटतं: बापासाठीची तीन वर्षं एकावर येतात, तीन वर्षं आता नवऱ्यासाठी.

सुतकात आणि यात एक मोठा फरक आहे. सुतक हा विटाळ आहे, दहा दिवसांनी तो फिटतो. चिनी रीतीत मोजलं जातं ते दुःख. मुलाने दाराशी झोपडं करून राहायचं, गवतावर झोपायचं, उशाला मातीचं ढेकूळ, सुरुवातीला नुसती पेज. पण ‘ली-जी’ समजुतीने सांगते की पन्नाशीच्या माणसाने शरीराला फार शिणवू नये, साठीच्याने अजिबात शिणवू नये, आणि सत्तरीच्याने फक्त शोकवस्त्र घालावं, बाकी घरात राहून मद्य-मांस खुशाल घ्यावं.

बाप हयात असताना आई गेली तर मूळ नियमात आईला एकच वर्ष होतं. ६७४ मध्ये वू झत्येन हिने (तेव्हा ती सम्राज्ञी होती, गादीवर अजून बसायची होती) हे तीन वर्षं करण्याची मागणी पुढे रेटली. १३७४ मध्ये मिंग सम्राटाने आई-बापांचं माप पूर्ण सारखं करून टाकलं. पोथी दगडावरची रेघ आहे असं सगळे म्हणत, पण ज्याच्या हातात सत्ता तो टाकी घेऊन येतच असे.

आणि ही मापं घराच्या उंबऱ्याच्या आत राहिली नाहीत. थांग राजवटीच्या ६५३ च्या कायद्यात मारहाणीची शिक्षा मारणारा आणि मार खाणारा यांच्यातल्या शोकाच्या पायरीवरून ठरे. धाकट्याने थोरल्यावर हात उगारला तर नातं जितकं जवळचं तितकी शिक्षा जबर, थोरल्याने धाकट्यावर उगारला तर तितकी सौम्य. मिंग काळातल्या कायद्याच्या पुस्तकात तर सुरुवातीलाच शोकवस्त्रांचे तक्ते छापलेले असत, कारण त्याशिवाय न्यायाधीशाला निकालच देता येत नसे. आईबाप वारले की सरकारी अधिकाऱ्याने पद सोडून २७ महिने गावी जायचं. १५७७ मध्ये मिंग दरबारातला सर्वांत ताकदवान मंत्री झांग ज्यूझंग बाप वारल्यावर पदावरच राहिला. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना दरबारात फटके पडले.

त्याच्या अर्धशतक आधीचा प्रसंग याहून भीषण आहे. १५२१ मध्ये निपुत्रिक सम्राट वारला आणि त्याचा चौदाव्या वर्षात असलेला चुलतभाऊ ज्याजिंग गादीवर आला. पंडित म्हणाले, आता तुम्ही थोरल्या घराण्याचे, म्हणून वारलेल्या काकांना, म्हणजे आधीच्या सम्राटाच्या बापाला, बाप म्हणा आणि जन्मदात्या बापाला काका. पोर हट्टी निघालं. १५२४ मध्ये दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दारात गुडघे टेकून मोठमोठ्याने रडत बसले. सम्राटाने शंभरावर लोकांना तुरुंगात टाकलं आणि फटके मारवले. सोळा-सतरा जण त्यात मेले. बापाला बाप म्हणायचं की काका, एवढ्यासाठी.

या पुस्तकांबद्दल गोड बोलणाऱ्यांना मी नेहमी ‘ली-जी’तली दोन वाक्यं दाखवतो. मुलीने लहानपणी बापाचं आणि भावाचं ऐकावं, लग्नानंतर नवऱ्याचं, नवरा मेल्यावर मुलाचं. हे वाचून मनुस्मृती न आठवणारा मराठी वाचक विरळाच. आणि दुसरं: ली खाली सामान्यांपर्यंत जात नाही, शिक्षा वर अमीर-उमरावांपर्यंत जात नाही. म्हणजे आदबीने जगण्याचा हक्कच वरच्यांचा होता.

यातला “खाली जात नाही” हा भाग मोडला तो झू शी (११३० ते १२००) याच्या नावाने चालणाऱ्या ‘घरगुती विधी’ या पुस्तकाने. टोपी, लग्न, मृत्यू, पूर्वजपूजा, बस. साध्या शिकलेल्या घराला झेपेल इतकं सुटसुटीत. ते पुस्तक व्हिएतनामला गेलं, आणि कोरियात तर जोसन राज्याने (१३९२ ते १९१०) त्यावर आख्खा समाज पुन्हा बेतला. आधी तिथे मुलींना मुलांइतका वाटा मिळे, पूर्वजांची पूजाही भावंडं वाटून घेत. सतराव्या शतकापर्यंत दोन्ही गोष्टी थोरल्या मुलाकडे सरकल्या. १४८५ च्या कायद्यात पुन्हा लग्न केलेल्या विधवेच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसायची बंदी आली. एक आडनाव आणि एक मूळगाव असलेल्यांनी लग्न करायचं नाही हा नियमही पक्का झाला. त्याचं मूळ ‘ली-जी’तच आहे. आपल्याकडे सगोत्र विवाहाला १९४६ च्या कायद्याने मोकळीक दिली. कोरियातली बंदी घटनाबाह्य ठरायला १९९७ साल उजाडावं लागलं. गिम्हे गावच्या किम कुळातच चाळीस लाखांवर माणसं आहेत, तेव्हा किती प्रेमप्रकरणं या नियमाने मोडली असतील कोण जाणे.

या विधींनी रोमच्या पोपलाही शंभर वर्षं झोप लागू दिली नाही, आणि ती गोष्ट गोव्यातून जाते. मातेओ रिची हा जेझुइट पंथाचा इटालियन धर्मप्रसारक १५७८ मध्ये गोव्यात उतरला. पुढच्याच वर्षी तिथे थॉमस स्टीफन्स आला, तोच ‘ख्रिस्तपुराण’वाला. एकाने मराठीची कास धरली, दुसरा १५८२ मध्ये चीनकडे निघाला आणि चिनी पोथ्यांत बुडाला. रिचीचं मत पडलं की पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे वाकणं ही पूजा नाही, तो आदर आहे, ख्रिस्ती झालेल्यांनीही तो दाखवावा. शुन्झी हेच म्हणाला होता. रिचीनंतर आलेल्या इतर पंथांच्या धर्मगुरूंना हे पटलं नाही. १७०० मध्ये खुद्द चीनच्या खांगशी सम्राटाने हा धर्माचरणाचा भाग नाही असा निर्वाळा दिला, तरी रोमने १७०४ मध्ये बंदी घातली आणि १७१५, १७४२ मध्ये ती आणखी आवळली. चिडलेल्या खांगशीने १७२१ मध्ये धर्मप्रसारच बंद केला. रोमने बंदी उठवली ती १९३९ मध्ये. मधल्या काळात कोरियात युन जी-चुंग या नवख्रिस्ती माणसाने आई वारल्यावर पूर्वजांच्या पाट्या जाळल्या, आणि १७९१ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं.

विसाव्या शतकात चीनमध्येच या पोथ्यांवर दगड पडले. १९०५ मध्ये या पोथ्यांवर बेतलेल्या सरकारी परीक्षा बंद झाल्या. १९१९ मध्ये वू यू या लेखकाने लिहिलं की हे विधी माणसं खातात. १९६६ मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या लाल रक्षकांनी कन्फ्युशियसच्या गावी, छूफूला, त्याच्या मंदिरात तोडफोड केली. पण ‘ली-जी’ मागच्या दाराने परत आली. ‘श्याओखांग’, म्हणजे खाऊनपिऊन सुखी समाज, हे तंग श्याओफिंग यांनी १९७९ मध्ये राष्ट्राचं ध्येय म्हणून सांगितलं आणि २०२१ मध्ये शी जिनफिंग यांनी ते गाठल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की ‘ली-जी’त श्याओखांग हा दुसऱ्या नंबरचा काळ आहे. पहिला ‘दातोंग’, जेव्हा जग सर्वांचं होतं आणि माणसं फक्त स्वतःच्याच आईबापांना आणि मुलांना जीव लावत नसत. तो काळ सरला, जो तो आपल्या घरापुरता झाला, आणि म्हणून लीची गरज पडली असं पोथी सांगते. सामान्यांच्या घरी हे शब्द कोणी काढत नाही, पण छिंगमिंगला, म्हणजे थडगी झाडून पूर्वजांना आठवायच्या दिवशी, २००८ पासून सरकारी सुट्टी असते.

कोरियात मात्र पोथी अजून थेट उघडली जाते. तिथे छुसोकच्या सणाला पूर्वजांपुढे ताटं मांडायची, आणि त्यासाठी घरातल्या सुनांनी दोन-दोन दिवस कढईपुढे उभं राहून धिरड्यासारखे पदार्थ तळायचे. सणानंतर बायकांची कंबर आणि डोकं दोन्ही जातं, याला कोरियन भाषेत चक्क ‘सणाचा आजार’ म्हणतात. २०२२ च्या सणाआधी सोंगग्युनग्वान या जुन्या कन्फ्युशियन संस्थेने पत्रक काढलं की नऊ पदार्थ पुरेत, तळण नको. आधार दिला ‘ली-जी’तल्या संगीताच्या प्रकरणाचा: मोठा विधी साधाच असतो. दुसरा आधार सोळाव्या-सतराव्या शतकातला पंडित किम जांग-सेंग याचा, ज्याने तेलकट पदार्थ वाढणं हे लीला धरून नाही असं लिहून ठेवलं होतं. हा किम जांग-सेंग म्हणजे सोंग सी-योलचा गुरू. शिष्याने राजमातेच्या कापडावरून दरबार हलवला, आणि गुरूचं एक वाक्य साडेतीनशेहून जास्त वर्षांनी सुनांची कढई उतरवायला कामी आलं. पत्रक छापून आलं त्या दिवशी कोरियन बायकांनी विचारलेला प्रश्न एकच असणार: हे इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?